न बघता केलेली सही

दिगू,

तुझं तेरावं होऊन आज चार दिवस झाले. लेक आणि जावई काल नागपूरला परत गेले. नातवंडांच्या परीक्षा आहेत. लेक म्हणते, पुढच्या महिन्यात येऊन आईला घेऊन जाईन, आणि वहिनी म्हणतात, मी कुठ्ठेही जात नाही. म्हणजे तुझ्या घरात सगळं नेहमीसारखंच चाललं आहे. फक्त तू नाहीस, आणि मी घाबरलेलो आहे.

हे वाचून तू हसला असतास. "यात नवीन काय सांगून राहिला बे?" असं म्हणाला असतास. कारखान्यात माझं नाव लालचिठ्ठी पडलं ते तुझ्यामुळेच. मी तपासणी खात्यात, तू कॉइल विभागात, वीजयंत्रांच्या तारांच्या वेटोळ्यांवर टेप गुंडाळायला. जरा शंका आली की मी जॉबला, म्हणजे हाती आलेल्या नगाला, लाल चिठ्ठी बांधायचो, मग माझी सही होईपर्यंत तो जॉब जागचा हलायचा नाही. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस!" असं तू कँटीनमध्ये सगळ्यांसमोर ओरडायचास. मी रागवायचो नाही, कारण ते खरं होतं. मला गॅस बंद केला की नाही याची भीती वाटायची, मुलांच्या निकालाची वाटायची, मी पास केलेली कॉइल कुठल्या तरी दूरच्या वीजघरात जळाली तर, याची तर रोज वाटायची. पण आताची भीती त्या जातीची नाही. तेव्हा मी पुढे काय होईल म्हणून घाबरायचो. आता जे होऊन गेलं आहे ते कळेल म्हणून घाबरतो आहे.

कारण काल वहिनींनी तुझी वही माझ्या हातात दिली.

"फिजिओवाल्या मॅडम मागून राहिल्या आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडे असे आणखी पेशंट आहेत, त्यांना दाखवायची म्हणतात. भाऊजी, पहिल्या पानावर ह्यांच्याबद्दल चार ओळी तुम्हीच लिहा. रोज तुम्हीच तर होते सोबत."

रोज मीच होतो सोबत. हेच तर लिहायचं आहे, दिगू. चार ओळींत बसणार नाही, आणि वहीत तर मुळीच लिहिता येणार नाही, म्हणून वेगळ्या कागदावर लिहितो आहे.

तुझा अंगठा मी सगळ्यांत आधी पाहिला होता. कारखान्याच्या टाउनशिपमधली क्वार्टर सोडून आपण अयोध्या नगरात शेजारी शेजारी घरं बांधली, त्याला तेव्हा सहा-सात वर्षं झाली असतील. तुझ्या ओट्यावर बसलो होतो. तू बोलत होतास आणि तुझ्या उजव्या हाताचा अंगठा आपला आपण तर्जनीवर घासत होता, चिमटीत तंबाखू असल्यासारखा. तू तंबाखू कधीच खाल्ली नाहीस. मी पाहिलं. पण बोललो नाही. पुढे तू हात बंडीच्या खिशात घालून बसायला लागलास. मे महिन्यात भोपाळात बंडी कोण घालतं? तू घालायचास, नुसत्या त्या खिशासाठी. मी तेव्हाही बोललो नाही. शेवटी वहिनींनीच तुला दवाखान्यात नेलं आणि कंपवात हे रोगाचं नाव घेऊन परत आल्या.

गोळ्या सुरू झाल्या. दिवसाला चार. सकाळची साडेसातला, उपाशीपोटी. ती घेतली की अर्ध्या-पाऊण तासात तुझं अंग सुटं व्हायचं, बोलणं मोकळं व्हायचं, घास गिळायला सोपं जायचं. म्हणून पोहे सव्वाआठच्या आधी नाहीत, हा वहिनींचा कायदा. पण गोळ्या चालू असूनही हात मागे पडत गेला. शर्टाच्या पाच गुंड्या लावायला तुला वीस मिनिटं लागायची. चौथ्या गुंडीवर हात थांबायचा तो थांबायचाच. ज्या हातानं आठ-आठ तास कॉइलवर टेप गुंडाळली, एक सुरकुती पडू दिली नाही, तो हात गुंडीपाशी अडून बसायचा. तू तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायचास आणि मी पेपर वाचल्यासारखं करायचो.

मग त्या मॅडम आल्या. आपल्या नातीच्या वयाच्या. त्यांनी सांगितलं, "अंकल, हाथ चलाने से पहले मन में चलाइए. आँखें बंद कीजिए. बटन को उँगली में महसूस कीजिए, ठंडा है, चिकना है. पूरा बटन मन में लगाइए. फिर आँखें खोलकर हाथ से लगाइए."

त्या गेल्यावर तू मला म्हणालास, "बोलाचीच कढी, बोलाचाच भात. मनातल्या मनात गुंडी लावून कोणाचा शर्ट बंद झाला बे?"

आठ दिवस तू नुसता डोळे मिटून बसायचास. मी विचारलं, काय दिसतं? म्हणालास, "कुणीतरी म्हातारा दिसतो. सिनेमात असल्यासारखा. गुंडी लावून राहिला, पण तो मी नाही." मी मॅडमना तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, बाहेरून बघू नका, आतून बघा, हात तुमच्या खांद्याला लागलेला असू द्या. आणि ज्या कामात हात सगळ्यांत जास्त मुरला आहे, तिथून सुरुवात करा.

त्या दिवशी तू डोळे मिटलेस आणि मनातल्या मनात कॉइल समोर धरलीस. मला कळलं, कारण तुझी मान जरा डावीकडे कलली. कामावर असताना कलायची तशी. टेपचा प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवायचा, ताण सारखा ठेवायचा. दहा मिनिटं तू हललाही नाहीस. मग डोळे उघडून शर्टाला हात घातलास, आणि चौथी गुंडी लागली. पाचवीही लागली. वहिनी आतून पदराला हात पुसत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. तू म्हणालास, "पाहून काय राहिली? चहा टाक." त्यांचे डोळे भरले होते. माझेही, पण मी लपवले.

आपण दोघं जन्माचे कारखान्यातले. एखादी गोष्ट जमली की ती कागदावर उतरल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. तू दुसऱ्याच दिवशी वही काढलीस आणि गुंडी लावायचं प्रोसेस कार्ड केलंस. ऑपरेशन दहा : गुंडी अंगठा-तर्जनीत धरणे. वीस : काज डाव्या हातानं ताणणे. तीस : गुंडी काजाच्या कडेवर आणणे. दहाच्या पटीतले आकडे, कारण मध्ये एखादी पायरी सुटली तर पंधरा किंवा पंचवीस म्हणून घुसवता यावी. समोर दोन रकाने, 'मनात' आणि 'हातात'. आणि शेवटचा रकाना 'तपासणी', माझ्या सहीसाठी. वही माझ्यापुढे सरकवून तू म्हणालास, "घे, लालचिठ्ठी. रिटायर झाला तरी तुले कामावर घेतलं."

माझी सुमन गेली, संसारात एकटा उरलो, तेव्हापासून माझा सकाळचा चहा तुझ्याकडेच होता. आता तो चहा नुसता चहा राहिला नाही, मला ड्युटी लागली. साडेसातच्या ठोक्याला यायचं, वही उघडायची. दिगू, ती दोन वर्षं माझ्या म्हातारपणातली सगळ्यांत चांगली वर्षं होती. तुझ्या आजारपणाबद्दल असं म्हणायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. दाढीचा ब्रश झाला, चमचा झाला, देवापुढची काडी ओढणं झालं. प्रत्येकाचं कार्ड. काही जमली, काही नाही. काडी कधीच जमली नाही, आणि वहिनींना त्याचा आनंदच झाला.

भांडलोही. तुझ्या त्या कॉइलवरून तर शंभरदा. नोकरीतली ती गोष्ट तू शेवटपर्यंत सोडली नाहीस. टेपचा एक थर कमी भरतो आहे असं वाटून मी तुझ्या कॉइलला लाल चिठ्ठी बांधली होती, तीन दिवस काम अडलं, साहेब तुला बोलले, सगळी टेप सोडून मोजली, आणि थर बरोबर निघाले. "तू मशीनवर विश्वास ठेवते, गेजवर ठेवते, माणसावर ठेवत नाही," असं तू तेव्हा म्हणालास आणि पुढची तीस वर्षं म्हणत राहिलास. मी म्हणायचो, अरे तपासणं म्हणजे अविश्वास नव्हे, काळजी. तू म्हणायचास, काळजी आणि भीती यांतला फरक तुले अजून समजलाच नाही. हे भांडण मिटलं नाही. आता मिटणारही नाही.

आता गोळीचं सांगतो.

वहिनी तुझ्या तोंडात गोळी घालायच्या ते तुला मुळीच आवडायचं नाही. "चिमणीच्या पिल्लासारखं तोंड उघडायचं," म्हणायचास. म्हणून गोळीचं कार्ड हा तुझा मोठा मनसुबा होता. वाटीतली इवलीशी गोळी चिमटीत धरायची, तोंडापर्यंत न्यायची, जिभेवर ठेवायची, मग ग्लास उचलायचा. महिना लागला. किती गोळ्या पलंगाखाली गेल्या, त्या मी वाकून वाकून शोधल्या. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी तू रिकामी वाटी डोक्यावर उपडी घालून दाखवलीस. त्यानंतर सकाळची गोळी तू स्वतः घ्यायचास, मी सही करायचो. तेवढ्या वेळात वहिनींची अंघोळ आणि पूजा उरकायची. बाकीच्या तीन गोळ्या त्याच द्यायच्या.

मॅडमनी एक नियम बजावून सांगितला होता. मनात करताना डोळे मिटलेले, हातानं करताना उघडे. "आँख हाथ की मदद करती है अंकल, उसकी छुट्टी मत कीजिए." तो नियम आपण मोडला. तू म्हणालास, कॉइल मी डोळे मिटून गुंडाळायचो, गोळीची काय कथा. ते खरंही होतं. लाइट गेली तरी तुझा हात थांबत नसे, हे मी पाहिलेलं होतं. कारागिराचा तोरा होता तो. आणि मला तो तुझ्याकडे परत आलेला पाहून इतकं बरं वाटलं की मी काही बोललो नाही. मग तू म्हणालास, "तू पण डोळे मिट नं. टकमक पाहत बसते तर मले तपासणी चालू असल्यासारखं वाटते." मीही मिटायला लागलो. तपासनीस डोळे मिटून समोर बसलेला! कारखान्यात कोणी असं केलं असतं तर मी त्याचा रिपोर्ट केला असता.

इशारा मिळाला होता. एका सकाळी तू म्हणालास, "झाल्या गुंड्या," आणि शर्ट उघडा होता. तुला खरोखर वाटत होतं की लावल्या. आपण दोघं पोट धरून हसलो. वहिनीही हसल्या. लाल चिठ्ठी बांधायची ती वेळ होती, दिगू. मनातलं काम आणि हातातलं काम यांची तुझ्या डोक्यात सरमिसळ व्हायला लागली होती आणि मी ती विनोद म्हणून सोडून दिली.

नंतर मला शंका आली, असं नाही की आलीच नाही. जन्मभराची खोड. गोळी झाल्यावर मी एकदा म्हणालो, "तोंड उघड बघू जरा." तुझा चेहरा त्या आजारानं तसा निर्विकार झाला होता, पण त्या दिवशी मला त्यावर राग स्पष्ट दिसला. "मी काय तुझा जॉब आहे बे? चाळीस वर्षांत एकदा तरी माणसावर विश्वास ठेव." मी ओशाळलो. वाटलं, खरंच, निदान शेवटी शेवटी तरी ठेवावा. त्यानंतर मी तुला तोंड उघडायला कधी सांगितलं नाही.

जानेवारीतले ते पाच दिवस. तू वाटीतून गोळी उचलायचास, तेवढं मी पाहायचो. मग दोघांचे डोळे बंद. मग ग्लास खाली ठेवल्याचा आवाज, आणि तू म्हणायचास, "झालं." मी डोळे उघडायचो. वाटी रिकामी, ग्लास रिकामा. हात बंडीच्या खिशात, नेहमीसारखा. मी सही करायचो.

पोहे खाताना तुला ठसका लागायला लागला. वहिनी म्हणाल्या, थंडी आहे, घसा धरला असेल. तू सकाळी जास्तच जड झाला होतास, पण दुपारच्या गोळीनंतर सुधारायचास. मीही थंडीलाच दोष दिला. सहाव्या दिवशी ताप चढला, छातीत घरघर लागली, आणि ॲम्ब्युलन्स आली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "दवाई टाइम पर चल रही थी?" वहिनींनी पिशवीतून वही काढून त्यांच्यापुढे धरली. "सब लिखा हुआ है डॉक्टर साहब. भाई साहब रोज खुद देखकर साइन करते हैं." डॉक्टरांनी पानं उलटली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बहुत अच्छा." तोवर मला काही माहीत नव्हतं. मला अभिमान वाटला, दिगू.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी मला घरून तुझी शाल आणायला पाठवलं. बंडी खुर्चीच्या पाठीवर होती. धुवायला टाकावी म्हणून मी खिसे चाचपले. उजव्या खिशात पाच गोळ्या निघाल्या. दोन तळहाताच्या घामानं विरघळून अस्तराला चिकटल्या होत्या.

मी तुझ्या खुर्चीत बसलो. पाचावर धारण बसणं म्हणतात ते काय, ते मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. सकाळची गोळी पोटात नाही म्हणजे गळा मोकळा नाही. तशा गळ्यानं तू पोहे खाल्लेस. ते श्वासनळीतून छातीत उतरले असतील. त्या ठसक्यांचा अर्थ मला एका क्षणात लागला. मग मी गोळ्या कागदात गुंडाळल्या, स्वतःच्या खिशात घातल्या, शाल घेतली आणि दवाखान्यात आलो. डॉक्टर समोर होते, वहिनी समोर होत्या. मी म्हणालो, "शाल मिळाली." एवढंच.

तुझ्याजवळही बसलो. नाकात नळी होती, औषधं त्यातून जात होती. आता सांगून काय फरक पडणार, असं मी स्वतःला समजावत होतो. कदाचित पडला नसता. कदाचित पडला असता. तू माझ्याकडे बघत होतास. तुझी बोटं चादरीवर काहीतरी गुंडाळत होती. मला तुला विचारायचं होतं : तुला खरंच वाटत होतं का की गोळी पोटात गेली? की जमत नाहीये हे तुला कळलं होतं, आणि ते माझ्यासमोर कबूल करवेना म्हणून तू मूठ खिशात घातलीस? पहिलं असेल तर मी तपासनीस म्हणून नालायक. दुसरं असेल तर मित्र म्हणूनही. मी काही विचारलं नाही. नवव्या दिवशी तू गेलास.

डॉक्टर म्हणाले, या वयात, या आजारात, छातीचं असं होतंच. सगळ्यांनी मान डोलावली. मीही.

तेरा दिवस मी तुझ्या घरी वावरलो. चटया आणल्या, गुरुजींना आणलं-पोचवलं. वहिनी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "भाऊजींनी फार केलं ह्यांचं." प्रत्येक वेळी मी उठून चटया सरळ करायचो. तोंड उघडलं तर हे घर गेलं. दिगू, सुमन नाही, मुलगा परदेशात, तू नाहीस. मला बसायला सबंध भोपाळात आता तो एकच ओटा आहे. तो जाईल ही भीती होती, दुसरी कसली नाही. मी चांगला माणूस आहे असं समजून तू गेलास, आणि मी मात्र असा हिशेबी निघालो.

मग काल वही हातात आली. घरी येऊन मी ती पाच पानं उघडली. माझ्या पाच सह्या, ठसठशीत, तारखेसकट. पानं फाडली तर कुणाला कळणार होतं? वहीचा धागा सैल झालाच आहे. मी पहिलं पान बोटांत धरलं. धरून किती वेळ बसलो, ठाऊक नाही. मग डोळ्यांपुढे मॅडमचे ते दुसरे पेशंट आले. तुझ्यासारखेच कुणीतरी, आणि त्यांच्यासमोर माझ्यासारखंच कुणीतरी, ही वही उघडून डोळे मिटून बसलेलं. या कार्डात चूक आहे आणि ती फक्त मला माहीत आहे. पान सोडलं. गोळीच्या कार्डावर साठ आणि सत्तरच्या मध्ये पासष्ट लिहिलं : तोंड उघडून दाखवणे. बघणाऱ्यानं डोळे उघडे ठेवणे. तुझ्या मुंगीएवढ्या अक्षराखाली माझं अक्षर वेडंवाकडं आलं आहे.

आज सकाळी साडेसातला गेलो. वही आणि कागदाची पुडी घेऊन. वहिनी मागच्या अंगणात तुझी औषधं वेगळी काढत बसल्या होत्या, कुणा गरजवंताला द्यायला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पुडी उघडून त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी गोळ्यांना हात लावला नाही. विचारलं, "किती दिवस?"

"पाच."

त्यांनी वही घेतली, ती पानं काढली, एकेक सही पाहिली. मग म्हणाल्या, "ठसका लागत होता तर मी ओरडले त्यांच्यावर. नीट चावून खा, लहान आहे का तुम्ही, म्हटलं. पाचही दिवस म्हटलं."

त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली.

"दवाखान्यात का नाही सांगितलं, भाऊजी?"

"भीती वाटली."

"कशाची? माझी?"

"तुम्ही मला या घरात येऊ देणार नाही याची."

शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मला वाटलं, त्या रडतील, आणि त्या रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या रडल्या नाहीत.

"जा तुम्ही आता," त्या म्हणाल्या. "मला तुमच्याकडे पाहवत नाही."

मी वळलो. चपला घालताना चपलेचा अंगठा पायाला सापडेना. फाटकापर्यंत पोचलो, कडी काढली, तेव्हा मागून हाक आली. आवाज चढलेला होता, चाळीस वर्षांत मी त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता.

"आणि उद्या या. ऐकलं का? उद्याही या, परवाही या. घरी बसून राहाल तर याद राखा. माझं बोलून संपलेलं नाही, आणि हे मी दुसऱ्या कोणाला बोलू?"

दिगू, तू गेल्यापासून इतकी भीती वाटली नव्हती, जितकी उद्याची वाटते आहे. साडेसातला जाणार आहे. त्या जे बोलतील ते ऐकून घेणार आहे, त्यांच्याकडे बघत.